आपल्याच शहरात पाहुणी

आमच्या घराण्यात कोणी शहरात जायला निघालं, की उतरायचं कुठे, जेवायचं कुठे आणि बघायचं काय, हे प्रश्न कधी पडलेच नाहीत. तिन्हींचं उत्तर एकच होतं : काका. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ वीज कंपनीत मीटर वाचायला होता. दारोदार हिंडून शहरातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ झाली होती, आणि ही विद्या दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सुट्ट्या लागल्या रे लागल्या, की कंपनीनं त्यांना दिलेल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत माणसं उतरायची. सख्खी, चुलत, मावस, आणि घरचं झालं थोडं म्हणून व्याह्यांकडचीसुद्धा.

सकाळी चहा झाला की काका जिन्यात उभे राहून हाका मारायला लागत. आधी पूल, मग चौकातला पुतळा, मग संग्रहालय, मग स्टेशनसमोरच्या खानावळीत जेवण, आणि शेवटी घड्याळाचा मनोरा. तीस वर्षांत या क्रमात फरक नाही. कोणी दुकानाच्या काचेशी रेंगाळलं की मागून आवाज येई, "चला, पुढे चला!" त्यामुळे आम्ही पोरांनी त्यांचं नाव 'पुढेचला काका' ठेवलं होतं. विनोदही ठरलेले. पुलावर आलं की, "हा बांधायला लागली अकरा वर्षं, आणि रंगवायचा अजून चालूच आहे." पुतळ्यापाशी, "हे गृहस्थ एवढे रागावलेत का? सगळे यांना पत्ता विचारतात, बसा म्हणत कोणी नाही." हसावं लागायचं. नाही हसलं तर ते पुन्हा सांगत.

मनोऱ्यावर शेवटचा विनोद. वरच्या कठड्याशी सगळ्यांना ओळीनं उभं करून ते बोट दाखवत. "ती निळी टाकी दिसते? तिच्याखाली आपली इमारत. डावीकडची खिडकी. तिथे तुमची काकू आत्ता संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागली असेल. करा हात!" मग आम्ही सगळे हात करायचो. खिडकी तिथून नखाएवढीसुद्धा दिसत नसे, पण आम्ही जोरजोरात करायचो.

आणि काकू? ती सकाळी दारात उभी राहून "सावकाश या" म्हणायची आणि संध्याकाळी तिथेच उभी राहून "आलात?" म्हणायची. मधल्या वेळात ती काय करते, याचा विचार करायचं आम्हाला काही कारण नव्हतं. परत येताना आम्ही भुकेनं इतके कावलेले असायचो, की ताटं मांडलेली दिसली की बास.

यंदा काका निवृत्त झाले. कंपनीची जागा सोडायची वेळ आली. मुलगा दुसऱ्या गावी असतो, तिकडे जायचं ठरलं. सोमवारी सामानाची गाडी येणार. मी आता याच शहरात बँकेत आहे, म्हणून खोकी बांधायला गेले होते. वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळता गुंडाळता काकू म्हणाली, "जायच्या आधी मला दोन दिवस हॉटेलात राहायचंय."

काकांना वाटलं ती थट्टा करतेय. "कुठल्या हॉटेलात?"

"इथल्याच. गावातल्या."

"आपलं घर असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचेत! सगळे इथे फुकट राहून गेलेत." कपबशी खोक्यात ठेवून ती सरळ उभी राहिली. "अहो, जन्म गेला माझा या शहरात आणि मी पूल पाहिला तो बसमधून, लग्न होऊन आले तेव्हा. सोमवारी निघालो की पुन्हा काही मी इथे येत नाही. तिकडे गेल्यावर कोणी विचारलं, तुमचं शहर कसं आहे, तर काय सांगू? भाजीबाजार आणि रेशनचं दुकान?"

मला तर थोबाडीत बसल्यासारखं झालं. काका वीज कंपनीतले आणि अंधार मात्र नेमका दिव्याखाली. ते एकदम खुलले. "हात्तिच्या! एवढंच ना? सगळं दाखवतो तुला. सगळं!"

मी चौकातल्या एका साध्या हॉटेलात खोली घेतली. शनिवारी सकाळी काकू ठेवणीतली साडी नेसून तिथल्या जिन्यात उभी होती, खोलीची किल्ली मुठीत घट्ट धरून. काकांनी नवा शर्ट घातला होता. आम्ही पुलावर आलो. काकांनी घसा साफ केला.

"हा पूल बांधायला लागली..."

"अकरा वर्षं," काकू म्हणाली, "आणि रंगवायचा चालूच आहे."

काका हसले, पण जरा कसंनुसं. पुतळ्यापाशी त्यांनी तोंड उघडलं मात्र, काकू म्हणाली, "बसा म्हणत कोणी नाही." संग्रहालयात तर ती त्यांच्या आधी एक पाऊल होती. तीस वर्षं दर सुट्टीत, ताटावर बसून, तोंडात घास असताना, आम्ही सगळ्यांनी तिला ते विनोद सांगितले होते. काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. जन्मभराचं भांडवल एका सकाळी संपलं होतं. मला त्यांची दया आली.

"बरं, जेवू या," ते म्हणाले. खानावळीवर त्यांचा भरवसा होता.

त्या खानावळीची एक गोष्ट आहे. काका शहरात नवे असताना तापानं फणफणले होते, तेव्हा तिथल्या मालकानं आठवडाभर त्यांच्या खोलीवर डबा पोचवला होता. त्या डब्याला काका जन्मभर जागले. मालक वारला, आचारी किती बदलले देव जाणे, पण काकांच्या जिभेवर तो तापातला डबाच राहिला. इतरांच्या जिभेवर मात्र जे समोर येई तेच पडायचं. सूप म्हणजे गरम पाण्याची आणि भाजीची नुसती तोंडओळख. भात असा, की एक शीत उचललं तर सगळा ढीग वर यावा.

दारात काकू थांबली. "मी इथे जेवणार नाही."

"का? सगळ्यांना किती आवडतं!"

"कोणालाही आवडत नाही."

रस्त्यात माणसं आमच्या बाजूनं वाट काढून जात होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खानावळीच्या पाटीकडे पाहिलं.

"तुमचं मन मोडू नये म्हणून कोणी बोललं नाही," काकू म्हणाली. "संध्याकाळी आले की एकेक जण माझ्या ओट्याशी येऊन उभा राहायचा. काकू, काहीतरी दे गं, दुपारी घशाखाली उतरलं नाही. म्हणून तर मी पाच वाजता सगळा स्वयंपाक तयार ठेवायचे. अहो, इथलं जेवण बरं असतं ना, तर मीही आले असते तुमच्याबरोबर."

हे ती रागानं बोलली नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. काका जवळच्या बाकावर जाऊन बसले. खानावळीच्या दाराकडे बघत म्हणाले, "मग यायचे कशाला सगळे?"

"फुकट राहायला," काकू म्हणाली, आणि मग त्यांच्या शेजारी बसली. "आणि त्यांचं त्यांचं बघायला. तुमची नजर चुकवून."

मग एकेक बाहेर पडायला लागलं. ओट्याशी लोक नुसतं खायला येत नव्हते. तिथे कबुलीजबाबही होत. मामा संग्रहालयातून 'जरा जाऊन येतो' म्हणून जे सटकायचे, ते मागच्या बेकरीत. तिथे दुपारी पाव भट्टीतून निघतो आणि बाई वर लोणी लावून देते. आत्या मोठ्या दुकानात चपलांच्या विभागात कोचावर जाऊन बसायची. तिथला माणूस गुडघ्यावर बसून तिच्या पायाचं माप घ्यायचा. विकत काही घेतलं नाही तिनं, पण आयुष्यात कोणी तिच्या पायाला इतक्या हळुवार हात लावला नव्हता. हे तिनं काकूला रडत रडत सांगितलं होतं. व्याही नावेत बसून पलीकडच्या काठाला जात आणि न उतरता त्याच नावेनं परत येत. प्रत्येकानं शेवटी म्हटलं होतं, "काकांना सांगू नकोस." आणि काकूनं सांगितलं नव्हतं. उभं शहर तिच्याकडे असं चोरून जमा झालं होतं.

"मला तिथे न्या," ती म्हणाली.

"कुठली बेकरी?" काका अजून फुगलेलेच होते.

"ते मला काय माहीत? दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि आत मांजर बसतं म्हणे."

काकांच्या कपाळावर आठी पडली. आठी पडली म्हणजे ते विचार करायला लागले. "तीन पायऱ्या... मीटर जिन्याखाली... दार हिरवं?"

"दाराचं मामा काही बोलला नाही."

"हिरवंच आहे," काका उठले. "चला, पुढे चला."

हा प्रकार मोठा गमतीचा झाला. तिथे काय आहे ते काकूला ठाऊक, तिथे जायचं कसं ते काकांना ठाऊक. बेकरीत मांजर होतं. ते मामाच्या वेळचं नसणार, पण होतं. काकांनी एक पाव खाल्ला आणि दुसरा मागितला. तो संपल्यावर म्हणाले, "या घराचं मीटर मी कितीदा वाचलंय. वास यायचा. पण ड्युटीवर कसं खायचं?" मोठ्या दुकानात चपलांच्या विभागात काकू कोचावर बसली, माप दिलं, आणि त्या माणसाला म्हणाली, "दादा, घ्यायचं काही नाही हं, आधीच सांगते." तो म्हणाला, "बसा आजी, पाय मोकळे करा." काका दूर उभे राहून छत्र्या बघत होते, निदान तसं दाखवत होते.

चार वाजायच्या सुमाराला आम्ही मनोऱ्यावर पोचलो. वर वारा होता. काकूनं पदर खोचला आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाहत राहिली. नदी, छपरं, आगगाडीचे रूळ, तिनं ऐकलेलं सगळं एका जागी होतं. तिचे डोळे भरून आले. काकांनाही राहवलं नाही. सवयीनं त्यांचं बोट वर गेलं.

"ती निळी टाकी दिसते? तिच्याखाली आपली इमारत. डावीकडची खिडकी. तिथे तुमची काकू आत्ता..."

आणि ते थांबले.

"तिथे काय?" काकूनं विचारलं.

हा विनोद तिला माहीत नव्हता. एवढं सगळं आम्ही तिला ओट्याशी उभं राहून सांगितलं, पण हे सांगायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. मीच तिला सांगितलं, काका दर वेळी काय म्हणायचे आणि आम्ही कसा हात करायचो ते.

"दर वेळी?"

"दर वेळी," काका म्हणाले. "याच वेळेला."

काकू त्या निळ्या ठिपक्याकडे पाहत राहिली. "याच वेळेला मी मोरीशी असायचे. समोर खिडकी. भांडी घासताना मला हा मनोरा दिसायचा. म्हणायचे, आत्ता पोचले असतील वर." मग ती काकांकडे वळली, आणि तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एकदा तरी सांगायचं! एवढी वर्षं सगळा गोतावळा माझ्याकडे बघून हात करत होता आणि मी मान खाली घालून भांडी घासत होते! ओल्या हातानं का होईना, मीही केला असता की हात!"

 काकांनी खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.  खाली आल्यावर काकूनं निकाल दिला.

"उद्या मी पुन्हा येणार, हिच्याबरोबर. तुम्ही घरी थांबायचं. चार वाजता मोरीशी."

"अगं, तिथून इथलं माणूस दिसत नाही."

"मला ठाऊक आहे."

"मग फोन करू का, म्हणजे..."

"फोन नाही. मला कोणी करत होतं का फोन?"

रविवारी आम्ही दोघी नावेतून जाऊन आलो, त्याच नावेनं. बेकरीत पाव खाल्ला. चार वाजता कठड्याशी उभ्या राहिलो. हवा स्वच्छ होती, टाकी दिसत होती, आणि तिच्याखाली एक करडी भिंत; खिडकी कुठली ते मला सांगता आलं नसतं. काकूनं हात वर केला. आधी जरासा, मग चांगला उंच. शेजारची माणसं वळून बघायला लागली. बराच वेळ ती हात हलवत होती.

"दिसतात का गं?" मी विचारलं.

"छे. काही दिसत नाही," काकू म्हणाली, पण हात खाली घेईना.

संध्याकाळी काका हॉटेलवर आले. दारातच उभे राहिले, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. काकूनं त्या बाह्यांकडे पाहिलं.

"काल सकाळच्या चहाच्या चार कपबश्या तशाच पडल्या होत्या," ते म्हणाले. "नुसतं काय उभं राहायचं? घासत उभा होतो. मनोरा स्वच्छ दिसत होता." मग ते चपला काढता काढता खाली बघून म्हणाले, "वेळ जाता जात नाही गं तिथे."

काकू पलंगावर जरा सरकली आणि त्यांना शेजारी बसायला जागा केली.