एकच स्ट्रेचर

आर्णीला आमच्या दारात अॅम्ब्युलन्स आली, तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारून उतरलेल्या माणसावर मी ओरडलोच. "इतका उशीर काहून?" त्यानं बाबांना स्ट्रेचरवर घेतलं, ऑक्सिजनची नळी लावली आणि यवतमाळ येईपर्यंत त्यांच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत.

दवाखान्यात एकही बेड रिकामा नव्हता. बाबा व्हरांड्यात, त्याच स्ट्रेचरवर. मी नर्सकडे धावायचो, हात हलवत परत यायचो. तो मात्र जागचा हलत नव्हता. पायानं चाकाचा ब्रेक काढायचा, पुन्हा लावायचा. पुन्हा काढायचा. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घाम वाळून पांढरा झाला होता.

"तुम्ही जा आता," मी म्हटलं. "दुसरे पेशंट असतील."

"कसा जाऊ, भाऊ? गाडीत हे एकच स्ट्रेचर हाय. तुमच्या बाबाले बेड भेटला का मी सुटलो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडची बाई इतक्या मोठ्यानं रडत होती की मलाही ऐकू येत होतं. बाभुळगावकडचं कुठलंसं गाव, नवऱ्याच्या छातीत कळ. त्यानं बाबांकडे पाहिलं, वॉर्डाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "निघालो ताई, रस्त्यातच आहो. त्याईले चालू देऊ नका."

चाकाचा ब्रेक लावलेलाच होता.

सकाळी मी फोनवर रडत होतो, तेव्हा त्यानं मलाही हेच सांगितलं होतं. अगदी याच आवाजात.