न आलेलं औषध

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जमतंय कदाचित. की तुम्ही मध्येच उठून गेलात तरी मला दिसणार नाही, म्हणून?

मी नागपूरला संशोधन करायचो. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण — इतके बारीक, की पाण्यात घातले तर पाणीच काळं वाटावं. ते कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र द्यायचं. कण तापतात, गाठीतल्या पेशी मरतात. आमच्याकडे हे काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललं होतं. माणसापर्यंत पोचायला फार अवकाश होता. किती, ते मला नीट ठाऊक होतं.

आम्ही पोंभुर्ण्याचे, ताई आलापल्लीला दिलेली. भाऊजी तिथल्या सागवानाच्या डेपोत कामाला. नागपूरला शिकायला मला त्यांनीच आणून सोडलं. वसतिगृहातला पंखा चालतो का, ते पाहूनच परतले. गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या काळ्या द्रवाची एक बाटली सोबत नेली. ओसरीवर शेजारी जमले. मी बाहेरून चुंबक लावला, तसा द्रव काच चढून वर आला. भाऊजी सगळ्यांकडे असे बघत होते, जणू ते त्यांनीच बनवलंय. कुणीतरी विचारलं, दवाखान्यात कधी येणार हे? मी म्हणालो, लवकरच.

तेवढ्यावर थांबलं असतं तर...

पुढच्या वर्षी भाऊजींच्या गालात आतून जखम झाली. भरेना. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच ऑपरेशन करा — जबड्याचा भाग काढावा लागेल, पण वाचण्याची चांगली आशा आहे. भाऊजींनी मला फोन केला.

"राजू, जबडा काऊन कापू देऊ? तुह्यं औषध येऊन राह्यलं ना?"

आता सांगा, काय अवघड होतं? नाई भाऊजी, ऑपरेशन करा. चार शब्द. पण ओसरीवरचा त्यांचा तो चेहरा — मी म्हणालो, "येऊन राह्यलं. धान निघेपर्यंत पक्कं समजंल."

का म्हणालो? त्यांना धीर द्यायला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तेही खोटं. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

ते थांबले. ताई दवाखान्याचं नाव काढायची, तर तिच्यावरच चिडायचे. धान निघालं तोवर मानेत गाठी आल्या होत्या. मग मी धावपळ केली, मोठ्या दवाखान्यात नेलं — ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. शेवटी बोलता येईना. माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचवायचे: आलं का? मी मान हलवायचो. हो म्हणून.

भाऊजी गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ताईनं सगळ्यांसमोर माझा हात धरला. "माह्या भावानं लई धडपड केली जी. पन औषधालेच उशीर झाला."

मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, रडतोय.

औषधाला उशीर झाला नव्हता. ते येणारच नव्हतं. भाऊजी कशाची वाट पाहतायत, हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं — आणि मी त्यांना वाट पाहू दिली.