उंदरावर घातलेला आळ

ज्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं, त्या चित्रकलेच्या सरांशी मी खोटं बोललो, आणि ते झाकायला आणखी खोटं बोलत गेलो. चूक माझी. केबलवाल्याचा त्यात थोडा हात होता, पण बोललेली वाक्यं माझीच होती.

जुन्नरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पूर्वी मी पाट्या रंगवायचो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दिसणारं एक छोटं केबल चॅनेल आहे. त्याच्या मालकाने मोठ्यांसाठी चित्रकला स्पर्धा काढली. बारा स्पर्धक होते आणि आठवड्यात चित्रित केलेला कार्यक्रम दर रविवारी सकाळी अकराला लागायचा. संयोजक म्हणून मला धरलं आणि परीक्षक म्हणून मी सरांना घेऊन आलो. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकटेच. या कामासाठी त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता. ते मला माहीत होतं.

सर चित्र बघायचे म्हणजे नुसतं बघायचे. हात मागे बांधून समोर उभे राहायचे आणि चार-चार मिनिटं अवाक्षर काढायचे नाहीत. शाळेत आम्हाला या शांततेची भीती वाटायची. टीव्हीवर मात्र लोकांना वाटलं, कार्यक्रम अडकला. पहिल्याच रविवारी ऑफिसात फोन सुरू झाले. "ओ भाऊ, तुमचं मास्तर हँग झालंय." लोकांनी सेटटॉप बॉक्स बंद करून चालू केले, थोपटले. मढच्या एका गृहस्थांनी तर आपला बॉक्स पिशवीत घालून आणला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "यात मास्तर अडकलाय. काढून द्या."

दुसऱ्या रविवारनंतर मालक मला म्हणाला, "सर देवमाणूस हायेत राव. पण मला हलता-बोलता माणूस पायजे. तुमीच सांगा त्यांना. तुमचे गुरू हायेत."

मी सांगायला म्हणूनच गेलो होतो. सरांनी चहा टाकला आणि वही उघडली. प्रत्येक स्पर्धकासाठी एक पान होतं. एका ताईंचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्या घोडेगावजवळ अंगणवाडीत काम करतात, माहेर आहुप्याचं. दर वेळी त्या तिथली देवराईच काढायच्या. "या बाईंना अंधार काढता येतो," सर म्हणाले. "आणि काळा रंग न वापरता. मला आयुष्यभर जमलं नाही ते."

एवढं ऐकल्यावर 'तुम्हाला काढलंय' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, "सर, स्पर्धा बंद पडली. चॅनेलला झेपत नाही."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "अरेरे. त्या बारा जणांचं काय रे?"

त्या बारा जणांना मी सांगितलं, सर आजारी आहेत.

नवे परीक्षक आले ते बेल्ह्याच्या बैलबाजारातले दलाल. मालकाचं म्हणणं सरळ होतं. बारांतले नऊ जण बैलच काढतात, तर बैलातलं कळणारा माणूस नको का? दलालांनी पहिल्याच चित्रासमोर उकिडवं बसून खुरं बघितली, कागदावर वशिंडापासून शेपटापर्यंत हात फिरवला आणि विचारलं, "तोंड का मिटलंय ह्याचं?"

स्पर्धक एक निवृत्त पोस्टमन होते. ते म्हणाले, "चित्र आहे ते, साहेब."

"त्ये दिसतंय मला. दात कुटं हायेत? दात दावत न्हाई म्हंजे वय चोरलंय. म्हातारा बैल हाय ह्यो, पावणं. मला नका शिकवू."

दुसऱ्या एका बैलाच्या पाठीवर ब्रशचा गोल फटकारा उमटला होता. दलाल दोन पावलं मागे सरकले. "ह्यो केसाचा भवरा वाईट. हे चित्र घरात ठेवू नका, लई तरास व्हईल."

गुण ते तोंडाने सांगत नसत. बाजारात सौदा होतो तसा खांद्यावरचा टॉवेल पसरायचे, आणि त्याखाली मी दोन्ही हात द्यायचे. जितकी बोटं ते दाबतील तितके गुण मी जाहीर करायचे. लोकांना हे इतकं आवडलं, की रविवारी अकराला पारावर माणूस दिसेना. पुढच्या फेरीपासून सगळे बैल तोंड उघडून यायला लागले. स्टुडिओच्या भिंतीवर नऊ बैल ओळीने दात काढून माझ्याकडे बघत असायचे.

देवराईच्या चित्रासमोर दलाल जरा घुटमळले. "ताई, झाडं झ्याक हायेत. पण जनावर कुटंय?"

"देवराईत जनावर चरायला सोडत न्हाईत, भाऊ."

"मंग मी काय बघू?"

टॉवेलाखाली त्यांनी मूठ दिली. एकही बोट नाही. मी माइकमध्ये म्हणालो, "शून्य." ताई बाद झाल्या.

हे सगळं सर घरबसल्या बघतील, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. म्हणून केबलवाल्याच्या पोराला सांगून मी त्यांच्या गल्लीची वायर काढून टाकायला लावली. गल्लीत कारण सांगितलं, उंदराने कुरतडली. खरं वाटावं म्हणून वायरीच्या टोकावर मी स्वतः पक्कड फिरवली.

गल्लीने उंदराचं फार मनावर घेतलं. घरोघरी पिंजरे लागले. आठवड्याने सर पिंजरा हातात घेऊन माझ्या दुकानात आले. आत एक लहानसा उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. "सापडला बघ," सर म्हणाले. "बिचारा दिसतो गरीब, पण कामगिरी केवढी! मारू नकोस, लांब सोडून ये." मी त्या उंदराला शिवनेरीच्या पायथ्याशी नेऊन सोडलं. तो झुडपात शिरला तरी मी पिंजरा धरून तिथेच उभा होतो.

त्याच दिवशी सरांनी मला एक गुंडाळी दिली. स्पर्धा बंद पडली म्हणून त्या बारा जणांची मेहनत वाया जायला नको, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कट निबने, शाईने, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहून त्यांनी बारा प्रमाणपत्रं केली होती. अकरा मी पोहोचवतो म्हणून घेतली आणि दुकानातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बारावं त्यांनी दिलं नाही. "हे मी स्वतः नेऊन देणार. घोडेगावला कधी जायचं?"

दोन रविवार मी टाळले. तिसऱ्या रविवारी सर सकाळी नऊलाच दुकानापुढे उभे राहिले, तो नवा सदरा घालून. मी मनात वेळ मोजली. दहाला पोहोचायचं, साडेदहाला निघायचं, अकराच्या आत रस्त्याला लागायचं. पण सरांनी वाटेत दोनदा मोटरसायकल थांबवायला लावली आणि हात मागे बांधून डोंगर बघितला. त्यांना घाई कशी करणार? घोडेगाव आलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

ताई दारातच होत्या. सरांना बघून त्यांनी पदर सावरून वाकून नमस्कार केला. "बरं हाय ना आता, सर? आहुप्याच्या देवाला नारळ बोलले व्हते मी तुमच्यासाठी. आजारी हायेत म्हणून बदललं, असं ह्ये भाऊ म्हणले."

"मला काय झालं होतं?" सरांनी विचारलं. ताईंना नाही, मला.

आत टीव्ही चालू होता. पडदाभर बैल, आठही दात दिसतील असा जबडा उघडलेला. त्याच्याशेजारी दलाल, आणि त्यांच्या टॉवेलाखाली हात घालून मी. सर टीव्हीसमोर उभे राहिले. हात मागे बांधले. मी जाहीर केलं, नऊ गुण. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपला, खतांच्या जाहिराती लागल्या, तरी सर बघतच होते. ताईंनी चहाचा ट्रे आणला आणि तसाच धरून थांबल्या.

शेवटी सर म्हणाले, "दात बरोबर काढलेत." मग हातातली गुंडाळी उलगडून त्यांनी प्रमाणपत्र ताईंना दिलं. ताईंनी ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि ते मोठ्याने वाचलं. त्यात 'प्रथम' असं लिहिलं होतं.

मी चप्पल काढून दारातच उभा होतो. तिथूनच म्हणालो, "सर, स्पर्धा बंद पडली नव्हती. तुम्हाला काढलं, आणि ते तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही. ताई, सर आजारी नव्हते. तुमचा नारळ माझ्यामुळे वाया गेला. बाकीची अकरा प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आहेत, उद्या एकेकाच्या घरी जाऊन देतो. आणि सर, तुमच्या गल्लीची वायर मी काढायला लावली. तो उंदीर निर्दोष होता. माझं चुकलं. मला माफ करा."