भिंतीतल्या खिडकीतून आलेली बशी

...तर खिडकी उघडली आणि आतून हात आला. तो हात आम्ही सगळे ओळखायचो. मनगटावर भाजल्याची लांबट खूण, नखांच्या कडेला मक्याचं पीठ आणि तळव्यावर बशी. बशी फळीवर टेकली की हात मागं जायचा आणि झडप बंद. बाजारात, चर्चच्या पायरीवर एर्मेलिंदा आम्हाला अख्खी भेटायची; मोठ्या बाईला मानानं म्हणतात तसं ‘दोन्या’ म्हणायचो आम्ही तिला. पण ‘निजलेला बगळा’ या आमच्या गुत्त्यात ती म्हणजे तेवढा हात.

आमच्या कोआतेपेक गावचं धुकं दुपारीच कॉफीच्या मळ्यांतून खाली उतरतं. गल्लीत शिरतं, गुत्त्याच्या झुलत्या दारांखालून आत येतं आणि पायाशी मांजरासारखं बसून राहतं. अशा वेळी ती खिडकी उघडली की पिवळा उजेड आणि तळणाचा वास एकदमच यायचे. मला दर खेपेला वाटायचं, भिंतीपलीकडं घर नाहीच. तिथं दुसरंच एखादं गाव आहे आणि त्या गावात कढई कधी उतरत नाही.

गुत्त्याची रीत अशी की पेला मागायचा, खाणं मागायचं नाही. ते पेल्यामागून आपलं आपण येतं. पहिल्याबरोबर छोल्यांचं तिखट सार, दुसऱ्याबरोबर कडा मुडपलेली मक्याची जाड भाकरी आणि तिसऱ्याबरोबर भरलेली मिरची. या मिरचीपायी भली भली माणसं तिसऱ्या पेल्यापर्यंत तग धरायची. माझा मित्र फिदेन्सियो, धंद्यानं न्हावी, तो तर म्हणायचा, “मी पिणारा नव्हे रे, रोसेन्दो. मी मिरचीची वाट बघणारा.”

बायकांना आत यायला बंदी होती. दारावर पाटीच होती तशी. एर्मेलिंदाचं घर गुत्त्याच्या भिंतीला भिंत लावून. नवरा वारल्यावर ती घरी तळून द्यायला लागली, तेव्हा मालक नाबोरच्या बापानं मधल्या भिंतीच्या विटा काढून खिडकी केली. त्या खिडकीतून आमचं सगळं बोलणं तिला ऐकू जायचं. कुणाची सून रुसली, कुणाचं गाढव हरवलं, सगळं. आम्हाला मात्र तिच्याकडून फक्त तेलाचं चुरचुरणं ऐकू यायचं.

मग एका वर्षी कायदा बदलला, बंदी उठली. नाबोरनं पाटी उतरवली, पण एकही बाई काही फिरकली नाही. आणि एका गुरुवारी खिडकीतून हात आला, तो मागं गेलाच नाही.

“नाबोर,” खिडकी बोलली, “शनिवारी मी येणार आहे.”

“कुठं, दोन्या?”

“तिकडं. खुर्चीवर. पेला घेणार, आणि बशी माझ्यापुढं आली पाहिजे. जन्मभर बशा पाठवल्या मी. माझा घास म्हणजे तुम्ही उठून गेल्यावर कढईशेजारी उरलेलं गारढोण काहीतरी, तेही उभ्या उभ्या. एकदा तरी बसून खायचंय.”

“या की. तुमचंच आहे सगळं,” नाबोर म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला. “पण मग... तळणार कोण?”

“इतकी वर्षं खाताय, चव तोंडात असेलच. ती जरा हातात उतरवा.”

आणि झडप बंद.

नाबोरला गल्ला सोडता येईना. मग आम्हा दोघांची नेमणूक झाली, का तर गुत्त्यात जास्त तोंड आमचंच चालायचं. शनिवारी मी आणि फिदेन्सियो तिच्या स्वयंपाकघरात शिरलो, तर तिथं भांडी अशी घासून ठेवलेली, की आमचेच दोन चोरटे चेहरे आम्हाला सगळीकडून बघायला लागले.

सार जमलं. भाकरीच्या कडा जरा वाकड्या झाल्या, पण जमल्या. राहिली मिरची. ती विस्तवावर भाजायची, सोलायची, चीर देऊन आतल्या तिखटजाळ शिरा-बिया काढायच्या आणि मग गुळाच्या पाण्यात निजवायची, हे आज माझी नातसुद्धा जाणते. आम्हाला ठाऊक होती ती नुसती गोडसर चव. आम्ही समजलो, बेदाण्यांची असेल! म्हणून आत भरायच्या खिम्यात मूठ मूठ बेदाणे घातले. शिरा काढायचं तर नावच नाही. अंड्याचा फेस मात्र काय सांगू! फिदेन्सियोनं आयुष्यभर दाढीचा साबण घोटलेला. त्यानं असा ढग उभा केला, की मला त्यावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं.

“यात बुडव आणि सोड तेलात,” तो म्हणाला, “आणि साबण समजून हनुवटीला लावू नकोस म्हणजे झालं.”

झडपेच्या फटीतून मला पलीकडचं दिसत होतं. एर्मेलिंदा घड्याळाखाली बसली होती, निळी शाल पांघरून. पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर घेतलेल्या, जसं काही कुणाचं लग्न लागतंय. तिच्यापुढं संत्र्याच्या सालीची गोड दारू, पेला तिसरा. गाल तांबूस झालेले. दारांखालून धुकं आत येऊन तिच्या खुर्चीभोवती साचलं होतं. मला वाटलं, ही बसलीय तेच आता ते दुसरं गाव, आणि भिंतीच्या चुकीच्या बाजूला आता मी आहे.

मी पहिली मिरची सोडली. काही आवाजच झाला नाही.

एर्मेलिंदा ताठ झाली. “तेल तापलेलं नाही.”

“बसा, दोन्या,” नाबोर म्हणाला. “आज तुम्ही गिऱ्हाईक.”

“अरे, पण मला ऐकू येतंय ना! मिरचीचा फेस सुटणार!”

तिचे दोन्ही हात टेबलावर टेकले, ती अर्धी उठली. ती एकदा का इकडं आली, पदर खोचावा तशी शाल खोचली आणि झारा हातात घेतला, की संपलं. मग पुन्हा जन्मभर खिडकीतून हातच येणार.

“फिदेन्सियो, जाळ कर!” मी कुजबुजलो. “जळू दे लागलं तर घर!”

“घर तिचं आहे, गाढवा!” म्हणत त्यानं दोन लाकडं आत सारली. मग दुसरी मिरची सोडली, आणि चर्रर्र असा आवाज झाला की खिडकीची झडप थरथरली.

एर्मेलिंदानं डोळे मिटले. ऐकत राहिली. आणि हळूहळू, जणू कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशी, खाली बसली.

मी झडप उघडली आणि बशी पुढं केली. नाबोरनं बशी तिच्यापुढं नेऊन ठेवली, पण ती बशीकडं बघेचना. भिंतीतून आलेल्या माझ्या हाताकडंच बराच वेळ बघत राहिली, आणि जरासं हसली. मग तिनं मिरची मोडली. वाफ धुक्यात मिसळली. पहिला घास गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आम्ही न काढलेल्या शिरांचं ते, की आणखी कशाचं, देव जाणे. पण ती काही थांबली नाही. सगळी मिरची संपवली, भाकरीच्या तुकड्यानं बशी पुसली.

शेवटी मीच खिडकीत तोंड घातलं आणि विचारलं, “कशी झालीय, दोन्या?”

“मीठ कमी, गुळाचा पत्ता नाही, आणि शिरा तशाच ठेवल्यात मेल्यांनो, जीभ जळली माझी! पण गरम आहे रे. गरम मी कधी खाल्लीच नव्हती. अजून एक पाठव.”