पाय काढल्यावर चालणारी गाडी

आमच्या ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, सध्या स्टीअरिंगला हात लावायचा नाही. घरात जुनी फियाट आणि चालवायला उरले मी. तपासणीसाठी सौंसरहून नागपूरला जायचं होतं.

पण गाडी माझ्या हातात आली की बंद पडायची. ब्रेक दाबून थांबले की बंद. बाजारात मागून हॉर्न वाजायला लागले की मला रडू यायचं. शेजारच्या सीटवरून हे म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं." मी ऐकून घ्यायचे. माझी धास्ती वेगळी होती. भर रस्त्यात गाडी बंद पडली तर हे उतरून धक्का मारायला लागतील, छातीला टाके असोत की नसोत. स्वभावच तसा.

एकदा ब्रेक दाबताना माझं लक्ष ह्यांच्या पायाकडे गेलं. ड्रायव्हरच्या सीटवर नसतानाही पायाखालच्या रिकाम्या पत्र्यावर त्यांची टाच ब्रेक दाबत होती आणि बोटं रेस देत होती.

"तुम्ही काय करून राहिले?" मी विचारलं.

तेव्हा उलगडलं. पेट्रोल वाचावं म्हणून ह्यांनी इंजिनाचा आयडलिंगचा स्क्रू इतका सैल ठेवला होता की उभी गाडी रेसशिवाय तग धरत नसे. ती रेस इतकी वर्षं ह्यांचा पाय देत होता. म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"मलेच कुठं माहीत होतं? पाय आपोआप जाते."

सकाळी उठून मी तणतणत अंगणातच बॉनेट उघडलं आणि थंड इंजिनावरच, चोक ओढलेला असताना, स्क्रू घट्ट पिळला. इंजिन गरम झालं तशी गाडी दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी आपणहून पळायला लागली. मग हे शेजारी खुर्ची टाकून बसले. "चोक आत घाल. गरम होऊ दे. आता थोडा थोडा सैल कर. लाइट लाव, तरी बंद पडून नाही राहिली ना? बस, आता हात नको लावू." वाकायची मनाई होती, बोलायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला निघालो. शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या अडकल्या होत्या. मी थांबले, न्यूट्रल केलं, दोन्ही पाय काढून घेतले आणि मनातल्या मनात मारुतीला हात जोडले. इंजिन चालूच राहिलं, संथ, एका लयीत. माझा जीव भांड्यात पडला.

ह्यांना ते ऐकवायला मी वळले, तर हे झोपलेले. ऑपरेशनपासून रात्र रात्र कूस बदलणारा माणूस मान टाकून गाढ झोपला होता, आणि त्यांचे दोन्ही पाय शांत होते.

पुढचा रस्ता मोकळा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. मी आणखी थोडी थांबले.