मधली दोन रिळं

मी खानदेशातलं आमचं पारोळं सोडलं ते श्रावणात, कानबाई देवीच्या सणाच्या सोमवारी सकाळी. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात डफ घेऊन आदल्या रात्रीपासून वही गात होते. वही म्हणजे आमच्याकडची गाऊन सांगायची गोष्ट. ती एकदा सुरू झाली की देवी पाण्यात शिरवायला निघेपर्यंत चालते. दाराशी बैलगाडी जुंपलेली होती, अमळनेरहून रेल्वे गाठायची होती. वहीतली राणी अजून नदीपर्यंतही पोचली नव्हती आणि मी उठलो. आबांनी डफ थांबवला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून त्यांचं एकच सांगणं, "अर्धी वही सोडीसन उठू नको, भो." त्या वर्षी रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढले, त्यात माझीही मूठ होती. खायला मात्र मी नव्हतो. तुमच्यापैकी जे तेव्हा अंगणात बसले होते आणि जे माझ्यासारखेच नंतर उठून आले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

मुंबईत मी एका थिएटरात ऑपरेटर झालो. मोठा शब्द आहे, काम मात्र भट्टीपुढे उभं राहण्याचं. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरं मशीन चालू करायचं, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या सरकवायच्या, घाम पुसायचा. लोकांना वाटतं आम्ही फुकट सिनेमे पाहतो. आम्ही रिळं पाहतो. गावी पत्र लिहिताना मात्र मी तोऱ्यात लिहायचो, इथे रोज तीन खेळ बघतो म्हणून.

मग एकदा फ्रान्सचा एक बोलपट आला. साडेतीन तासांचा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं गाणं. पाव मागायचा तरी गाऊन, दार लावायचं तरी गाऊन. लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी, लोकांचे कपडे धुणारी एक बाई, एवढीच गोष्ट. प्रेक्षकांत पहिल्याच दिवशी दोन तट पडले. निम्मे लोक खुर्च्या आपटत बाहेर पडले आणि तिकिटाचे पैसे परत मागू लागले. उरलेले डोळे पुसत बसून राहिले, आणि जाणाऱ्यांवर असे खेकसले की जणू कुणी देवळात चपला घालून फिरतं आहे. आमच्या चाळीतला एक कारकून म्हणाला, हा छळ आहे. कॉलेजातला एक पोरगा मात्र पहिले तिन्ही दिवस आला. मी कोणत्या तटात होतो ते विचाराल तर खरं सांगतो, मी कंटाळलेल्यांत होतो.

चौथ्या दिवशी मॅनेजर वर आला. म्हणाला, लोक टिकत नाहीत, मधली दोन रिळं गाळ, कुठली ते तूच ठरव. मी आठवं आणि नववं काढलं. त्यात त्या बाईचं एकच लांबलचक गाणं होतं आणि लोक नेमके तिथेच उठायचे. मला जराही वाईट वाटलं नाही, उलट तेवढ्या कांड्या वाचल्या.

त्याच आठवड्यात आबा डोळे दाखवायला मुंबईत आले होते. डोळे जात चालले होते त्यांचे. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता जेवढं दिसतं तेवढंच, आणि तेही फार दिवस नाही. मी काय करू शकत होतो? दुपारच्या खेळाला त्यांना फुकट आत बसवलं, एवढंच. पडद्यावरचं त्यांना नीट दिसत नव्हतं, भाषा तर कुणालाच कळत नव्हती. पण आबा मांडी घालून शेवटपर्यंत बसले. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या तरी हलले नाहीत.

बाहेर आल्यावर माझा हात धरून रस्ता ओलांडताना ते म्हणाले, "बाई गोड गास रे. पन रडनारी बाई एकदम हासाले कशी लागनी? मझारलं कोठे गयं?"

मझारलं म्हणजे मधलं. इतक्या माणसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते या आंधळ्या होत चाललेल्या माणसाला ऐकून कळलं. मी म्हणालो, "मझार काहीच नव्हतं, आबा. सिनेमा तसाच शे."

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवून दिलं. रिळांचे डबे त्याआधीच परत गेले होते.

पुढे थोरल्या भावाची, नानाची, पत्रं येऊ लागली. प्रत्येक पत्राच्या शेवटी आबांची ओळ असायची, त्या बाईचं मधे काय झालं ते सांग. तीन दिवस ती रिळं माझ्याच हातून फिरली होती आणि मी ऐकली नव्हती. शेवटी मी त्या कॉलेजच्या पोराला शोधून काढलं. तो म्हणाला, तिला नवरा मेल्याचं कळतं आणि ती वेड्यासारखी हसते. चाळीतला कारकून म्हणाला, छे, काही होत नाही, ती कपडे धुते आणि गाते. दोघेही शपथेवर सांगत होते. आता यातलं मी काय लिहू? मी हवापाण्याविषयी लिहिलं. मग महायुद्ध सुरू झालं, आणि फ्रान्सकडून सिनेमा येण्याची आशाही संपली.

नंतर नानानं कळवलं, की दृष्टी पुरती गेल्यावर आबांनी त्या बाईची वही बांधली आहे आणि कानबाईपुढे गायला सुरुवात केली आहे. गावातही दोन तट पडले. काही म्हणाले, देवीपुढे ही फिरंगीण कशाला? बायका म्हणाल्या, कुणाची का असेना, वाट तर पाहते. पण बाई रडत असताना आबा डफ थांबवायचे आणि म्हणायचे, "आठलं मना धाकलाले ठाऊक शे. तो यी तवय सांगी." म्हणजे इथलं माझ्या धाकट्याला ठाऊक आहे, तो येईल तेव्हा सांगेल. मग थोडा वेळ सगळं अंगण गप्प, आणि पुढे थेट तिचं हसणं.

आबा गेले. तारेनं कळलं, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता नाना गातो. परवाच त्याचं पत्र आलं आहे: कानबाई जवळ आली, तुझ्या नावाची मूठ काढतो आहोत, आणि आबांनी जाताना बजावलं आहे की वहीतली ती जागा भरायची नाही, धाकल्यासाठी मोकळी ठेवायची.

लोक विचारतात, गाव सुटलं का तुझं? सुटलं असतं तर बरं झालं असतं. पारोळ्याच्या त्या अंगणात वर्षातून एकदा सगळे माझ्यासाठी थांबतात, आणि मला सांगायला काही नाही. मॅनेजर यंदा स्वतःहून म्हणाला, चार दिवस रजा घे. मी नको म्हणालो.