गुरलीनने काढलेलं उट्टं

बलबीर संघेराचं नाव निघालं की ब्रॅम्प्टनमधली अर्धी पोरं आधी थुंकतात आणि मग बोलतात. ही चाल गुरलीनने पाडली, आणि चांगली पाडली.

गुरलीन पंजाबातल्या जगरांवजवळच्या खेड्यातली. हॉटेल व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला ती कॅनडात, ब्रॅम्प्टनला आली. डिप्लोमा झाला आणि शिक्षण संपवलेल्या परदेशी विद्यार्थ्याला मिळतं ते तीन वर्षांचं कामाचं परमिट तिला मिळालं. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. या तीन वर्षांत जबाबदारीच्या कामाचा, निदान सुपरवायझरचा, अनुभव गाठीशी बांधायचा आणि त्याच्या जोरावर इथं पक्कं व्हायचं. गल्ल्यावर उभं राहून मिठाई विकली तर ते त्यात धरत नाहीत. अनुभव जेवढा जास्त तेवढे गुण जास्त, आणि गुण कमी पडले की गाठोडं बांधा. तळघरातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या पोरापोरींना हे सगळं तोंडपाठ असतं. गुरलीनलाही होतं, तरी ती फसली.

आपल्या लोकांची एक जुनी खोड आहे. सरकारचा नियम फोनवर फुकट वाचायला मिळतो, पण तो वाचायचा नाही. गावाकडचा, पगडी कडक बांधणारा, गुरुद्वाऱ्यात चवरी ढाळणारा कुणी अंकल काय सांगतो ते डोळे मिटून ऐकायचं. संघेरा असाच अंकल होता. जगरांवचाच. मिठाईचं मोठं दुकान, कमिटीत खुर्ची, आणि जिभेवर पाक. पहिल्याच दिवशी तो गुरलीनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पुत्तर, तू आता माझी सुपरवायझर. फक्त एक लक्षात ठेव, हे परमिट माझ्या दुकानावर आहे. दुसरीकडे पाऊल टाकलंस की सरकार तुला विमानात बसवतं."

ती वेडी खरं मानून बसली. सकाळी दुकान उघडायची, कुणी कधी यायचं ते ठरवायची, नव्या मुलींना बर्फी कापायला शिकवायची, रुसलेल्या गिऱ्हाइकांना समजवायची. जवळजवळ दोन वर्षं तिने ते दुकान डोक्यावर वाहिलं. मग एके दिवशी अर्जासाठी लागणारं अनुभवाचं पत्र मागितलं.

संघेरा हसला. "कसलं सुपरवायझर, पुत्तर? सरकारदरबारी तू गल्ल्यावरची पोरगी. पहिल्या दिवसापासून मी तसंच दाखवलंय."

"पण अंकलजी, काम तर मी..."

"काम केलंस, कोण नाही म्हणतो? पण पक्की झालीस की तू उडणार. तुझ्याआधीच्या सगळ्या उडाल्या. मी काय दर वेळी नवी पोरगी शिकवत बसू? पुढच्या वर्षी बघू. हे घे, तोंड गोड कर."

त्याने बर्फीचा तुकडा स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. तिने तो गिळला. त्याच्या तोंडावर थुंकायला हवा होता हे तिला दारापर्यंत गेल्यावर सुचलं. त्याचीच तिडीक जास्त.

रविवारी ती गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोळ्या थापायच्या सेवेला बसली. शेजारी मिन्हास बीबी पोळ्या लाटत होती. या विधवा बाईचं मिठाईचं दुकान संघेराच्या दुकानापासून दोन चौक पलीकडे होतं आणि संघेरा तिला पाण्यात पाहायचा.

"ती पोळी आहे, संघेराचं तोंड नव्हे," बीबी म्हणाली. "एवढी का बडवतेस?"

गुरलीनने सगळं सांगून टाकलं. बीबीने लाटणं खाली ठेवलं.

"अगं येडे, परमिट त्याच्या दुकानावर? शिक्षणानंतरचं परमिट मोकळं असतं! कुणाकडेही जा, कधीही जा. एवढी शिकलीस आणि त्या ढोंग्याला विचारत बसलीस?"

गुरलीनने तिथेच, पिठाच्या हातांनी, फोनवर नियम वाचला. दोन ओळींचा नियम. आपण या दोन ओळी दोन वर्षं वाचल्या नाहीत याची तिला इतकी लाज वाटली की कान तापले. आणि मग लाजेच्या जागी संताप आला, तो काही जायला तयार होईना.

"उद्यापासून माझ्याकडे ये," बीबी म्हणाली. "खरी सुपरवायझर म्हणून. तुझ्या परमिटचं वर्षभर तर उरलंय ना? तेवढ्यात अर्ज करण्यापुरता अनुभव होईल."

"येते. पण पंधरवडा थांबा. आणि येताना मी एकटी येणार नाही."

पंधरवड्याने संघेराच्या मुलीच्या, हरनूरच्या, लग्नाची कढई चढायची होती. आपल्याकडे कढई चढली की लग्न लागायला सुरुवात झाली असं धरतात. हलवायाने घरी येऊन चूल पेटवायची, बायकांनी गाणी म्हणायची, बुंदी पाडायची आणि त्याच दिवशी ताज्या लाडवांचे डबे नातेवाइकांकडे पोचवायचे. डबा आला नाही तर लोक आमंत्रण मानत नाहीत. आणि संघेरा तर गावाला लाडू विकणारा माणूस.

दुकानाच्या कढईवर तीरथ होता. तोही हॉटेल व्यवस्थापन शिकायला आलेला, आता तशाच परमिटवर. बाप हलवाई निघाला म्हणून संघेराने त्याला थेट चुलीशी उभं केलं होतं. गुरलीनने त्याला नियम दाखवला.

"मोकळं?" तीरथचा झारा हातातच राहिला. "म्हणजे मी उद्याच सोडू शकतो?"

"उद्या नको. कढईच्या दिवशी."

तीरथने झारा खाली ठेवला. "बहेनजी, लग्नघर आहे. हरनूरने आपलं काय वाकडं केलंय?"

"काही नाही. तिच्या बापाने केलंय. पाप लागलं तर मला लागू दे. तू फक्त येऊ नकोस."

मग तिने एकेका मुलीला गाठलं, एकेका पोराला गाठलं. सगळ्यांना तीच थाप मारलेली होती. राग पेटवावा लागला नाही, आपोआप पेटला.

कढईच्या दिवशी संघेराच्या गॅरेजमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. सरे आणि कॅलगरीहून आलेल्या आत्या-मावश्या ढोलकी घेऊन बसल्या. दोन गाणी झाली, चार झाली. कढई थंड. एका आत्याने विचारलंच, "बलबीर, तुझा हलवाई इंडियाहून चालत येतोय की काय?" बायका फिदीफिदी हसल्या. संघेरा तीरथला फोन लावतोय, मुलींना लावतोय, एकही उचलत नाही. मेव्हण्याला दुकानात पिटाळलं, तर दुकानाला कुलूप. दुसरे हलवाई ऐन मोसमात कसले मोकळे असणार? तयार लाडू फक्त मिन्हासांकडे होते. तीरथने पहाटेपासून तिथेच बुंदी पाडून वळून ठेवले होते.

संघेराच्या बायकोने मिन्हासांकडे फोन केला. गुरलीननेच उचलला. "एवढी मोठी ऑर्डर फोनवर घेत नाही, आंटीजी. मालकांना स्वतः पाठवा."

तो आला. दुकानात रांग लागलेली. गल्ल्यामागे गुरलीन, आणि तिच्यामागे स्वतःची सगळी माणसं बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो दबक्या आवाजात काहीतरी बोलला.

"मोठ्याने सांगा, अंकलजी. ऐकू येत नाही."

"लाडू हवेत. लग्नाचे."

"कुणाच्या लग्नाचे?"

"माझ्या मुलीच्या." रांगेतल्या प्रत्येकाने मान वळवली. "डबे तेवढे कोरे दे, पुत्तर. हात जोडतो."

"कोरे नाहीत."

मिन्हासांचे डबे लालभडक, झाकणावर हातभर सोनेरी अक्षरांत मिन्हासांचं नाव. ते डबे संध्याकाळपर्यंत संघेराच्या एकूण एक नातेवाइकाच्या घरी पोचले. त्या दिवशी गुरलीन किती हसली म्हणून सांगू! हरनूर गॅरेजच्या कोपऱ्यात रडत होती असं तिच्या कानावर आलं, तरी तिचं हसू आटलं नाही. गुरलीन चांगली होती असं कोण म्हणतंय?

वर्ष सरलं. बीबीने खऱ्या कामाचं खरं पत्र दिलं, गुरलीनने अर्ज केला. सरकारने गुणांची मर्यादा वर नेली. ती थोडक्यात राहिली. संघेराने दाबून ठेवलेला अनुभव जमेस धरला गेला असता तर ती आरामात पार झाली असती. वकिलाने आकडे मांडून दाखवले तेव्हा बीबी रडली. गुरलीन रडली नाही. परमिटचे शेवटचे आठवडे उरले होते आणि कॉलेजात नवी भरती सुरू होती.

ती रोज सकाळी कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. पंजाबातून आलेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा थांबवायची. परमिट मोकळं असतं हे सांगायची, कामाची नोंद पहिल्याच महिन्यात तपासा म्हणायची, आणि मग संघेराचं नाव, दुकान, चौक सगळं सांगून थुंकायची. संघेराला माणूस मिळेना. तो आणि त्याची बायको दोघंच गल्ल्यावर उभे राहू लागले.

एके दिवशी त्याची गाडी फाटकाशी थांबली. काच खाली झाली.

"माझी माणसं नेलीस, चारचौघांत माझं नाक कापलंस. अजून काय हवंय तुला?"

"माझी दोन वर्षं."

"ती मी कुठून आणून देऊ?"

"मग जा, मला काम आहे," गुरलीन म्हणाली आणि बॅग ओढत येणाऱ्या एका मुलीकडे वळली. "तू कुठली गं? जगरांवची? ये, इकडे ये. गाडीत बसलाय तो माणूस आधी नीट बघून घे."